बंड्याचे दात काढल्यावर

सई, उद्या तुझा बोका बंड्या घरी आला की त्याला पिंजऱ्यातून ओढून काढू नकोस. आतली खोली रिकामी कर, जमिनीवर जुनी चादर घाल, दार उघडं ठेव. येईल आपला आपण. पाणी आणि वाळूचा ट्रे जवळच असू दे. कपाटावर, खिडकीत चढू देऊ नकोस. भुलीचा अंमल पुरता उतरायला एक दिवस तरी जातो, तोवर पायांचा भरवसा नसतो. दुसऱ्या मांजरीला, चिंगीला, दोन दिवस वेगळी ठेव. दवाखान्याच्या वासाने ती त्याला ओळखणार नाही, फिस्कारेल.

पहिली रात्र अवघड असते. आमच्या ठमीचे बारा दात एका दिवशी काढले होते. घरी आली ती डोळ्यांच्या बाहुल्या पार काळ्याभोर झालेल्या. रात्रभर भिंतीच्या कडेने येरझाऱ्या, मध्येच उशीवर पंजांनी कणीक तिंबल्यासारखं मळणं, आणि घुरघुर तर बाहेरच्या खोलीत ऐकू येईल एवढी. वेदनेने ही वेडी झाली असं समजून मी रडत बसले. सकाळी डॉक्टर म्हणाले, हे दुखणं नाही, ब्युप्रेनॉर्फिन आहे. वेदना मारायला ते देतात आणि त्याने मांजरं अशीच वागतात. गॅबापेंटिन दिलं असेल तर उलटं, झिंगल्यासारखं चालेल आणि झोपून राहील. तेव्हा डॉक्टरांकडून निघतानाच विचारून घे, कुठलं औषध दिलंय आणि ते किती तास राहील.

मग दुखतंय हे कळायचं कसं? चेहरा बघ, बाई. मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी यासाठी पाच खुणा ठरवल्या आहेत: कान बाहेरच्या बाजूला पडलेले, डोळे आवळून अर्धवट मिटलेले, तोंडाभोवतीचा भाग ताठलेला, मिशा ताणलेल्या, डोकं खांद्यांच्या खाली. अंग गोळा करून कोपऱ्यात असा बसला तर औषध पुरत नाहीये, सरळ फोन लाव. घुरघुरतोय म्हणजे सुखात आहे, असं धरू नकोस. मांजर दुखत असतानाही घुरघुरतं.

खाण्याकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघ. भूक असून मांजर ताटलीपाशी येतं, हुंगतं आणि मागे फिरतं, ते तोंड दुखतं म्हणून. बिनहाडाची कोंबडी नुसत्या पाण्यात उकड, मिक्सरमधून अगदी पातळ काढ. मीठ नको, आणि कांदा-लसूण तर मुळीच नाही, ते मांजराला विष आहे. वाटी गरम पाण्यात धरून कोमट कर. वास सुटला की जीभ चालते. कडक दाणे डॉक्टर म्हणतील तोवर नाहीत, दोन आठवडे तरी धर. टाके आपोआप विरघळतात, तोंड उघडून बघत बसू नकोस. लाळ पहिले एक-दोन दिवस गुलाबीसर येईल. लाल रक्त थेंब थेंब गळायला लागलं तर थांबू नकोस.

गोळीचं माझ्या हातून चुकलं ते तुझ्या हातून चुकू नये. डॉक्सिसायक्लीनची गोळी मी ठमीला कोरडीच घशात टाकत होते. ती अन्ननलिकेत अडकली, आतून सोलवटलं, आणि दातांपेक्षा ते दुखणं लांबलं. गोळीमागोमाग सिरिंजने पाच-सहा मिलिलिटर पाणी गालाच्या बाजूने, हळूहळू. वेदनेवर मेलोक्सिकॅम दिलं असेल तर वजनावरून ठरवलेल्या मापापेक्षा थेंबही जास्त नको, मूत्रपिंडावर येतं. आणि तो खात नसेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नकोस. आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल तर अर्धीसुद्धा नाही. मांजराचं यकृत ती पचवू शकत नाही, रक्त प्राणवायू वाहेनासं होतं आणि जीव जातो.

दात गेले म्हणून हळहळू नकोस. ठमी पुढे सहा वर्षं मजेत जेवली.

घरी आल्यापासून चोवीस तासांत त्याने काहीच खाल्लं नाही, तर 'उद्या बघू' म्हणू नकोस. उपाशी मांजराच्या यकृतात दोन-तीन दिवसांतच चरबी साठायला लागते. रात्र असली तरी आधी डॉक्टरांना फोन कर, मग मला.