शिक्षिकेचे पुढारीपण : अनुताई वाघ यांच्या कार्यावरून एक पाठ

समाजसेविकांवरील पाठ शिकविताना वर्गात बहुधा जन्मसाल, मृत्युसाल आणि पुरस्कारांची नावे सांगितली जातात. मुले ती घोकतात व परीक्षा संपताच विसरतात. एखादी सामान्य स्त्री समाजाला पुढे नेणारी कशी झाली, हा प्रश्न तसाच राहून जातो. अनुताई वाघ यांच्या चरित्रात त्याचे उत्तर शिक्षकांच्या रोजच्या परिचयाच्या वस्तूपाशी, म्हणजे हजेरीपटापाशी, सापडते.

अनुताईंचा जन्म 17 मार्च 1910 रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. तेराव्या वर्षी विवाह झाला आणि सहा महिन्यांच्या आतच वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीचे उर्वरित आयुष्य घराच्या कोपऱ्यातच जावयाचे. शिक्षणामुळे तो कोपरा सुटला. व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा, ट्रेनिंग कॉलेज, चांदवड येथे शिक्षिकेची नोकरी. पुढे पुण्यास हुजूरपागेत शिकविणे आणि रात्रीच्या शाळेत स्वतः शिकून मॅट्रिक होणे, असा हा क्रम आहे. यात पुढारीपणाचे चिन्ह कोठेच दिसत नाही. अशा कष्टाळू शिक्षिका त्या पिढीत आणखीही होत्या.

1945 साली बोरिवली येथील कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात त्यांची ताराबाई मोडक यांच्याशी गाठ पडली. ताराबाईंनी भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केले होते, आणि आता त्यांना तेच काम खेड्यात न्यावयाचे होते. अनुताई पुणे सोडून समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. चरित्रकार अशा ठिकाणी ‘अंतःप्रेरणा’ हा शब्द लिहून मोकळे होतात. एका वडीलधाऱ्या स्त्रीने दुसरीच्या हाती काम सोपविले व तिच्यावर विश्वास टाकला, ही साधी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे.

बोर्डीस बालवाडी निघाली. परंतु अस्पृश्य मानलेल्यांच्या वस्तीतील मुले तिकडे फिरकेनात. तेव्हा बालवाडीच साहित्य घेऊन त्यांच्या अंगणात जाऊन बसली. हीच अंगणवाडी. महागडी माँटेसरी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. त्यांची जागा शिंपले, बिया, पाने व खडे यांनी घेतली.

1957 च्या सुमारास हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. 2014 पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. येथील मुलगे शाळेच्या वेळी गुरे चारावयास जात. म्हणून शिक्षक कुरणात जाऊ लागले व गुरांवर नजर ठेवून धडे चालू लागले. ही झाली कुरणशाळा. मुलींची अडचण निराळी होती. आईबाप कामावर गेले की धाकटे भावंड मोठ्या बहिणीच्या कडेवर येई. त्यावर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र चालविण्याचा उपाय योजण्यात आला. तान्हे मूल पाळणाघरात, त्याहून मोठे बालवाडीत आणि बहीण वर्गात. या योजनेस विकासवाडी असे नाव मिळाले.

हजेरीपटावर ‘पालक उदासीन’ असा शेरा मारणे फार सोपे असते. कोसबाडला मूल का येत नाही याचा शोध प्रत्येक वेळी त्याच्या घरापर्यंत नेण्यात आला, आणि बदल शाळेच्या जागेत व वेळेत करण्यात आला. लोक मागे येऊ लागले ते त्यामुळे. अर्थात कुरणशाळेने दारिद्र्य हटले नाही, हेही मुलांना सांगावे. वेठबिगारीविरुद्ध त्याच मुलखात 1945 साली गोदावरी परुळेकर यांनी वारल्यांना संघटित केले. तो मार्ग वेगळा होता आणि त्याचीही गरज होती.

ताराबाई 1973 साली वारल्या. त्यानंतरही अनुताई कोसबाड सोडून गेल्या नाहीत. 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव देशभर मिळाले.

पाठाच्या आधी एक आठवडा शिक्षकांनी स्वतःच्या वर्गातील गैरहजर मुलांची कारणे घरी जाऊन टिपून ठेवावीत. ऊसतोड, गुरे, तान्हे भावंड, आईचे आजारपण, पावसात न ओलांडता येणारा ओढा, जे असेल ते लिहावे. वर्गात कोणाचेही नाव घेऊ नये. केवळ कारणे फळ्यावर लिहून, अनुताई येथे असत्या तर त्यांनी काय केले असते, हे मुलांना विचारावे. मुलींना आधी बोलू द्यावे. भावंड सांभाळण्याचा अनुभव बहुधा त्यांच्याच गाठी असतो. सुचविलेल्या उपायांपैकी एखादा शाळेला खरोखर जमण्याजोगा असेल, तर तो गावातील पालकांच्या बैठकीत त्याच मुलींनी मांडावा.

1985 सालची पद्मश्री आणि 27 सप्टेंबर 1992 हा मृत्यूचा दिवस तास संपताना सांगितला तरी चालेल.