रस्त्यावरचा दिवा कोणाचा?

दिवस मावळला. घरोघरी दिवे लागले. पण गल्लीतला दिवा काही लागला नाही. खांब आहे, तार आहे, दिवाही आहे. मग अंधार का? चौकशी केली तेव्हा कळले, बिल थकले म्हणून वीज तोडली.

असे खरेच घडले आहे. २०२१ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रातील पुष्कळ गावांत थकबाकीमुळे रस्त्यावरच्या दिव्यांची वीज तोडली गेली. त्याआधी हे बिल सरकार जिल्हा परिषदेमार्फत भरत असे. मग सरकारने सांगितले की, ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा पैसा मिळतो, त्यातून बिल भरा. सरपंचांचे म्हणणे असे, की तो पैसा गावच्या विकासाचा. तो बिलात गेला तर नाल्या आणि रस्ते कशाने करायचे? वाद दोघांचा आणि अंधार गावाला!

आपल्या भागात अंधार म्हणजे नुसती अडचण नव्हे. पावसाळ्यात वाटेवर साप निघतो. चंद्रपूरजवळच्या दुर्गापूर भागात वाघ आणि बिबटे वस्तीपर्यंत येतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथे माणसांचे जीव गेले. दिवा पाहून वाघ परत फिरेलच असे नाही. पण पुढे काय आहे, ते निदान दिसते. याच दुर्गापूरला कोळशापासून वीज तयार होते आणि दूरदूरच्या शहरांत जाते, हेही ध्यानात ठेवू.

मग दिव्याचा खर्च कोणी करावा? गावात दिवाबत्ती हे ग्रामपंचायतीचे काम आहे. १९५८ च्या कायद्यात ते सांगितले आहे. शहरात हे काम नगरपालिकेचे किंवा महानगरपालिकेचे. चंद्रपुरात २०११ पासून महानगरपालिका आहे. पण ग्रामपंचायतीची पेटी कोण भरतो? आपणच. घरपट्टीच्या पावतीवर 'दिवाबत्ती कर' लिहिलेला असतो. तो याच कामाचा.

कोणी म्हणेल, "माझ्या दारासमोर खांबच नाही. मी कर कायले भरू?"

बाबा रे, रात्री तुझ्या घरी बाळंतपणाला नर्सबाई येते, ती कोणत्या वाटेने? तुझी मुलगी शिकवणीहून परतते, ती कोणत्या वाटेने? रस्त्यावरचा दिवा एका दाराचा नसतो. तो वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाचा असतो. म्हणून खर्चही सर्वांनी मिळून करायचा.

आता थोडा हिशेब करू. ४० वॅटचा दिवा १२ तास जळला, तर जवळजवळ अर्धा युनिट वीज लागते. असे ५० दिवे असले तर एका रात्रीत २४ युनिट. महिन्याचे झाले ७२० युनिट. सकाळी बटण बंद करायला कोणी गेलेच नाही, तर दिवे दिवसाही जळतात आणि खर्च दुप्पट होतो! उजेड तेवढाच, बिल मात्र दुप्पट. हा पैसा आपलाच.

पण सगळा भार गावावर टाकणेही न्यायाचे नाही. गडचिरोली जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग जंगल आहे. जंगलावर घरपट्टी बसत नाही. घरे थोडी, टोले दूरदूर, कमाई कमी. अशा गावाची कराची पेटी लहानच राहणार. ते जंगल साऱ्या राज्याच्या उपयोगी पडते. मग अशा गावाच्या दिव्याला सरकारने हात दिला तर ते दान नव्हे, तो गावाचा हक्क आहे.

तेव्हा आम्हाला असे वाटते: ज्याची जशी ऐपत, तसा त्याने कर भरावा. कमी पडेल ते सरकारने द्यावे. आणि कर भरणाऱ्याने ग्रामसभेत उभे राहून हिशेब विचारावा. कर देऊन गप्प बसलो, तर दिवा केव्हा विझला तेही कळत नाही.

प्रश्न
१. तुमच्या घरपट्टीच्या पावतीवर दिवाबत्ती कर किती आहे? वाचून सांगा.
२. तुमच्या गल्लीतले दिवे सकाळी कोण बंद करतो?
३. पुढच्या ग्रामसभेत दिव्यांविषयी विचारायचा एक प्रश्न लिहा.