तंतुकणिकेला भोक पडलं तर? मक्याच्या करप्याची गोष्ट



'तंतुकणिका हे पेशीचे ऊर्जाकेंद्र आहे' हे वाक्य मुलं तोंडपाठ म्हणतात. पण हे केंद्र बंद पडलं तर काय होईल, असं विचारलं की वर्ग गप्प होतो. अशा वेळी ही खरी घटना सांगा.

अमेरिकेत संकरित मक्याचं बियाणं तयार करताना मादी ओळींचे तुरे हाताने काढावे लागत, नाहीतर त्यांचेच परागकण त्यांच्यावर पडत. हे काम वाचवण्यासाठी 'टेक्सास' पेशीद्रव्याचा मका वापरात आला. त्याच्या तुऱ्यात परागकण तयारच होत नसत. (शेतकऱ्याच्या पिकात परागकण यावेत, ही सोय नर वाणाच्या जनुकांतून केली जाई.) १९७० पर्यंत तिथला सुमारे ८५ टक्के संकरित मका या प्रकारचा झाला होता.

त्याच वर्षी 'बायपोलॅरिस मेडिस' या बुरशीच्या 'टी' प्रकारामुळे करपा पसरला. ही बुरशी विष सोडते. टेक्सास मक्याच्या तंतुकणिकेच्या आतल्या पटलात 'यूआरएफ-१३' नावाचं प्रथिन असतं. विष त्याला चिकटलं की पटलाला छिद्रं पडतात.

इथे मुलांना कोयना धरण आठवायला सांगा. अडवलेलं पाणी ठरलेल्या वाटेने टर्बाइनवर पडतं, तेव्हा वीज तयार होते. धरणाची भिंतच फुटली तर पाणी जाईल, पण वीज होणार नाही. तसंच इथेही. पटलाच्या एका बाजूला साठलेले हायड्रोजनचे आयन छिद्रांतून निसटतात, एटीपी बनणं थांबतं आणि पेशी मरते. पानावर चट्टे पडतात आणि मेलेल्या पेशींवर बुरशी पोसली जाते.

साध्या मक्यात हे प्रथिनच नसतं, म्हणून या विषाला चिकटायला जागा मिळत नाही. आणि लक्षात घ्या, टेक्सास मक्यात परागकण न होण्यामागेही हेच प्रथिन होतं! जी सोय वाटली, तीच कमजोरी ठरली. त्या वर्षी अमेरिकेतलं सुमारे १५ टक्के मक्याचं पीक गेलं. पुढे बियाण्याच्या शेतात पुन्हा हाताने तुरे काढणं सुरू झालं.

शेवटी वर्गात किंवा घरी हा प्रश्न विचारा: नुसता नर वाण बदलून हा रोग थांबला असता का? नाही, कारण मक्यात तंतुकणिका आईकडून, म्हणजे बीजांडातून येतात. बाप कितीही वेगळे असले, तरी आईचा प्रकार एकच होता. हे उत्तर मुलांनी स्वतः शोधलं, तर तंतुकणिका त्यांना खरोखर समजली असं समजा.