गुटगुटीत की लठ्ठ? वजनासोबत उंचीही मोजा

आपल्याकडे भुकेची आठवण जुनी, म्हणून मूल जाड दिसले की घर सुखावते. कडेगावच्या वस्तीतली आई अंगणवाडीच्या तक्त्यावर हिरवा पट्टा पाहून निश्चिंत होते. पण तो तक्ता वयानुसार वजनाचा. त्याचे मुख्य काम कमी वजनाचे बालक शोधणे. लठ्ठपणा कळायला उंची हवी.

शाळकरी मुलांसाठी किलोतले वजन मीटरमधल्या उंचीने दोनदा भागतात. समजा, दहा वर्षांचा मुलगा, उंची १३५ सेंमी, वजन ५० किलो. पन्नासला १.३५ ने दोनदा भागले की २७.४ येतात. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०१५ च्या तक्त्यावर हा ठिपका सर्वांत वरच्या रेषेच्याही पुढे जातो. किती पुढे, हे मात्र तिथे समजत नाही. त्यासाठी अमेरिकी तक्त्यातली ९५ वी रेषा घेतात. शंभरातली ९५ मुले तिच्या खाली असतात. या वयाच्या मुलग्यासाठी ती सुमारे २२ वर आहे. तिच्या १.२ पट, म्हणजे २६.४ ओलांडले की लठ्ठपणा तीव्र.

उंची मोजताना चप्पल काढा, टाचा भिंतीला टेकवा. आकडा जास्त आला तर सरकारी दवाखान्यात रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. मुलाला उपाशी मात्र ठेवू नका. त्याची उंची अजून वाढायची आहे.