हवेची बंदूक : नळीची लांबी आणि नेम

हवेची बंदूक विकत घेतांना नळी जितकी लांब तितका नेम अचूक, अशा समजुतीनें पुष्कळ जण जास्त पैसे मोजतात. ही समजूत कितपत खरी, हें पैसे देण्यापूर्वीं पाहिलेलें बरें.

प्रथम स्प्रिंगची बंदूक घेऊं. नळी खालीं वांकवून ती भरतांना आंतील स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढतांच दट्ट्या पुढें धांवतो, पुढील हवा दाबली जाते व ती छऱ्यास ढकलते. ही हवा मोजकीच असल्यामुळें छऱ्यास बहुतेक वेग नळीच्या पहिल्या ८ ते १० इंचांतच येतो. पुढें हवेचा जोर ओसरतो. घर्षण मात्र चालूंच राहतें. शिवाय छर्रा बाहेर पडण्यापूर्वींच दट्ट्याच्या धांवेनें बंदुकीस हिसका बसतो. नळी लांब असली म्हणजे छर्रा त्या हिसक्यांत अधिक वेळ राहतो. लांब नळीचा खरा उपयोग असा कीं, भरतांना तीच तरफेचें काम करते व हातास जोर कमी लागतो.

टांकींत दाबलेली हवा सांठविणाऱ्या बंदुकींत हवेचा रेटा अधिक अंतर टिकतो. तेथें लांब नळीनें वेग वाढतो. परंतु वेग म्हणजे नेम नव्हे.

आतां दुसरी बाजू. जमिनीच्या मोजणींत दोन झेंडे जवळजवळ रोवले तर लांबची हद्द चुकते, हें शेतकऱ्यांस ठाऊकच आहे. मागील खाच व टोंकावरील माशी यांचेंही तसेंच. दोहोंमधील अंतर ५०० मिलिमीटर असतां माशी अर्धा मिलिमीटर ढळली, तर १० मीटरवर छर्रा १० मिलिमीटर चुकतो. अंतर ७०० असेल तर सुमारें ७. हा गुण नळीचा नसून माशीच्या अंतराचा आहे. म्हणूनच १० मीटर स्पर्धेच्या अनेक बंदुकींत मुख्य नळी सुमारें ४२ सेंटिमीटर ठेवून पुढें पोकळ नळकांडें जोडतात व त्यावर माशी बसवितात. या स्पर्धेंत लक्ष्याचा मध्यबिंदु अवघ्या अर्ध्या मिलिमीटर व्यासाचा असतो. याच प्रकारांत अभिनव बिंद्रा यांनीं २००८ सालीं बीजिंग ऑलिंपिकमध्यें सुवर्णपदक मिळविलें. बंदुकीस दुर्बीण लावली तर माशीच्या अंतराचा प्रश्नच उरत नाहीं.

तेव्हां बंदूक पारखतांना लांबीपेक्षां पुढील गोष्टी पाहाव्या :

१. छऱ्यास फिरकी देणारे नळीच्या आंतील आटे स्वच्छ व सारखे असावे.
२. नळीच्या तोंडाची कड कोठेंही खोक पडलेली नसावी.
३. नळीचा सांधा ढिला नसावा.
४. छर्रा नळींत फार सैल वा फार घट्ट बसूं नये.

परीक्षा सोपी आहे. मातीनें भरलेल्या खोक्यावर कागद लावून १० मीटरवरून एकाच जातीचे पांच छर्रे मारावे व भोंकांचा पसारा मोजावा. मग छऱ्यांची जात बदलून पाहावें. दगडावर मारूं नये. छर्रा उलटून डोळा जावयाचा.

शस्त्र नियम, २०१६ प्रमाणें ०.१७७ इंचांपेक्षां अधिक व्यासाच्या किंवा २० जूलपेक्षां अधिक शक्तीच्या हवेच्या बंदुकीस परवाना लागतो. मोरानें पीक खाल्लें तरी त्यावर ती रोखूं नये. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें त्यास संरक्षण आहे. पैसे खर्चावयाचे तर ते लांब नळीपेक्षां चांगल्या छऱ्यांवर व नित्य सरावावर खर्चावे.