लहान अक्षरांची मोठी अक्षरे : ‘सी’ भाषेतील एक धडा

‘अक्षर’ म्हणजे ज्याचा क्षय होत नाही ते, अशी या शब्दाची फोड आपण व्याकरणात शिकतो. संगणकाच्या पोटात मात्र अक्षर म्हणून काही नसतेच. तेथे असते केवळ संख्या. ही एक गोष्ट ध्यानी धरली, म्हणजे इंग्रजी मजकुरातील लहान अक्षरांची मोठी अक्षरे करणे हा विषय विद्यार्थ्यांना मुळीच अवघड वाटणार नाही.

आमच्या गुलबर्ग्यात कन्नड, मराठी, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा नित्य डोळ्यांपुढे असतात. यांपैकी पहिल्या तिन्हींच्या लिप्यांत ‘कॅपिटल’ व ‘स्मॉल’ असा भेद नाही. आम्ही कोंकणी बोलणारे आपली भाषा देवनागरीत लिहितो, कन्नडमध्ये लिहितो आणि रोमी लिपीतही लिहितो. हा भेद आम्हांस भेटतो तो एका रोमीतच. माणसाचे त्यावाचून अडत नाही. एकच नाव लहान लिपीत लिहिले काय किंवा मोठ्या लिपीत लिहिले काय, वाचणारा ते एकच समजतो. यंत्राला ती समज नाही. समजा, भालकी आणि हुमनाबाद ही नावे इंग्रजीत मोठ्या आद्याक्षराने लिहिली व आळंदचे सगळे नाव लहान अक्षरांत लिहिले, तर संख्यांच्या क्रमाने लावलेल्या यादीत आळंद सर्वांत शेवटी जाईल. ‘ए’ हे पहिले अक्षर असूनही असे का व्हावे? याचे उत्तर अक्षरांच्या संख्यांत आहे.

अमेरिकेत १९६३ साली ‘अ‍ॅस्की’ नावाची संकेतपद्धती ठरली. तिच्या पहिल्या आवृत्तीत केवळ मोठी अक्षरे होती. लहान अक्षरांना १९६७ च्या सुधारित आवृत्तीत स्थान मिळाले. या पद्धतीत मोठ्या ‘ए’ची संख्या ६५ आणि मोठ्या ‘झेड’ची ९०, लहान ‘ए’ची ९७ आणि लहान ‘झेड’ची १२२. म्हणजे लहान अक्षर व त्याचे मोठे रूप यांत सर्वत्र ३२ चेच अंतर आहे. आळंदचा लहान ‘ए’ ९७, भालकीचा मोठा ‘बी’ ६६ आणि हुमनाबादचा मोठा ‘एच’ ७२. आळंद मागे पडले ते यामुळे. सर्व नावे आधी एकाच रूपात आणली, तरच यादी बरोबर लागते.

‘सी’ ही भाषा डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास सिद्ध केली. या भाषेत अक्षरमालिका, म्हणजेच ‘स्ट्रिंग’, ही ओळीने मांडलेल्या संख्यांची रांग असते आणि तिचा शेवट शून्य या संख्येने दाखविला जातो. रूपांतराची रीत अशी :

१. रांगेतील पहिल्या स्थानावर उभे राहावे.
२. तेथील संख्या शून्य असल्यास थांबावे.
३. ती ९७ ते १२२ यांच्या दरम्यान असेल, तरच तिच्यातून ३२ वजा करावेत; एरवी तिला हात लावू नये.
४. पुढील स्थानावर जाऊन दुसऱ्या पायरीपासून पुन्हा आरंभ करावा.

वजाबाकी तर प्राथमिक शाळेतली आहे. या रीतीचे मर्म तिसऱ्या पायरीतील अटीत आहे. अट गाळली तर काय घडते पाहा. ‘गुलबर्गा’ या नावाचा मोठा ‘जी’ म्हणजे ७१. त्यातून ३२ वजा होताच ३९ उरतात आणि नावाच्या आरंभी अक्षराऐवजी अवतरणचिन्ह उमटते. याहून मोठा घात पुढे आहे. दोन शब्दांमधील कोऱ्या जागेची संख्या ३२ आहे. तिच्यातून ३२ गेले की राहिले शून्य, आणि शून्य म्हणजे मालिकेचा शेवट! एखाद्या विद्यार्थ्याचे नाव व आडनाव मधे जागा सोडून लिहिले असेल, तर छापताना नाव तेवढे उमटेल आणि आडनाव नाहीसे होईल. गुणपत्रिकेवर असे घडले, तर त्या मुलाने काय करावे?

आपल्या लिप्यांचे काय, हाही प्रश्न येथे विचारला पाहिजे. आज सर्वत्र रूढ असलेल्या ‘यूटीएफ-८’ पद्धतीत देवनागरी व कन्नड अक्षरांना प्रत्येकी तीन संख्या लागतात, उर्दू अक्षरांना दोन. देवनागरी ‘क’ म्हणजे २२४, १६४, १४९. या सर्व संख्या १२७ हून मोठ्या असल्याने अट पाळणारा कार्यक्रम त्यांना धक्का लावत नाही. अट न पाळणारा कार्यक्रम मात्र त्यांच्या १९२, १३२, ११७ करून टाकतो. त्यांतील ११७ हा तर इंग्रजी लहान ‘यू’ आहे. ‘क’ मुळीच उरत नाही.

‘सी’ भाषेत या कामासाठी ‘टूअपर’ नावाचे तयार साधन ‘सीटाइप’ या संग्रहात आहे. ते एका वेळी एकाच अक्षराचे रूपांतर करते. म्हणून मालिकेवरून फिरण्याचे काम आपणच केले पाहिजे. त्याला दिलेली संख्या ऋण असता कामा नये, हा दुसरा नियम. पुष्कळ यंत्रांवर १२७ हून मोठ्या संख्या ‘सी’च्या साध्या अक्षर-प्रकारात ऋण समजल्या जातात. अशी संख्या दिल्यास काय होईल याची हमी भाषा देत नाही; यास्तव ती आधी चिन्हरहित प्रकारात घेऊन मगच ‘टूअपर’कडे सोपवावी.

तात्पर्य, काय बदलावयाचे हे जितके महत्त्वाचे, तितकेच काय बदलावयाचे नाही हेही महत्त्वाचे. चार लिप्यांच्या या प्रदेशात ज्यांना उद्या असे कार्यक्रम लिहावयाचे आहेत, त्यांनी इतरांच्या अक्षरांची राखण आपल्याकडे आहे हे विसरू नये.

अभ्यास : (१) बिदर हे नाव इंग्रजीत मोठ्या ‘बी’ने लिहिले आहे. अट न घालता ३२ वजा केल्यास पहिल्या स्थानी कोणती संख्या येईल? (२) मोठ्या अक्षरांची लहान अक्षरे करावयाची असल्यास तिसरी पायरी कशी लिहाल? (३) नाव, वडिलांचे नाव व आडनाव अशा तीन शब्दांपैकी अट गाळल्यास किती शब्द छापले जातील, ते सकारण सांगा.