‘प्रसन्न’ : एका शब्दाचा अर्थ व त्याची वाटचाल

‘प्रसन्न म्हणजे आनंदी’ एवढे फळ्यावर लिहून पुढील शब्दाकडे वळण्याची रीत ग्रामीण शाळांतून रूढ आहे. हा अर्थ चुकीचा नाही. परंतु तो अपुरा आहे, आणि त्याचा अपुरेपणा मुलांच्या वाक्यांत लगेच उमटतो. ‘जत्रेत मुले प्रसन्न झाली’, ‘खाऊ मिळताच बाळू प्रसन्न झाला’ अशी वाक्ये मुले लिहितात. जत्रेतील मूल खूश असते, हरखलेले असते, हुंदडतही असते. ते प्रसन्न असतेच असे नाही. उलट, ‘प्रसन्न सकाळ’ या प्रयोगात ‘आनंदी’ हा शब्द घालून पाहावा. ‘आनंदी सकाळ’ कानास खटकते. दोन शब्दांतील हा फरक ‘प्रसन्न’ शब्दाच्या घडणीतून आलेला आहे.

‘प्रसन्न’ हा शब्द ‘सद्’ या संस्कृत धातूस ‘प्र’ हा उपसर्ग लागून झाला आहे. ‘सद्’ म्हणजे बसणे, खाली जाणे. गुरूजवळ बसून मिळवावयाची विद्या ती उपनिषद्, आणि भोवती बसलेल्यांची सभा ती परिषद. ज्या जिल्हा परिषदेच्या शाळेत हा शब्द शिकवला जातो, तिच्या नावातही हाच धातू आहे, हे मुलांस सांगावे. त्यांना ते फार आवडते. युरोपीय भाषांतही याची भावंडे आढळतात. इंग्रजीतील ‘सिट’ म्हणजे बसणे व ‘सेडिमेंट’ म्हणजे तळाशी बसलेला गाळ, हे शब्द याच कुळातील होत.

येथे ‘गाळ’ हा शब्द महत्त्वाचा आहे. संस्कृतात ‘प्रसन्न’ हे विशेषण मनास लागते, तसे पाण्यासही लागते. गढूळ पाण्यातील माती तळाशी बसली व वरचे पाणी नितळ झाले, की ते पाणी प्रसन्न झाले. ‘रघुवंशा’च्या चौथ्या सर्गात शरद ऋतूचे वर्णन आहे. अगस्तीचा तारा उगवताच पाणी निवळले असे कालिदास तेथे सांगतो, आणि त्यासाठी ह्याच धातूचे क्रियापद योजतो. तेव्हा प्रसन्नता म्हणजे मनात काही नवे ओतले जाणे नव्हे. जे ढवळले गेले होते ते खाली बसून मन स्वच्छ होणे होय. हसू, उड्या, आरडाओरडा यांच्याशी तिचा संबंध असेल अथवा नसेल.

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील मुलांस हे समजावण्यास ग्रंथाची गरज नाही. आषाढ-श्रावणात कुकडी, मीना व घोड या नद्यांना तांबडे पाणी येते आणि पावसाचा जोर ओसरल्यावर ते हळूहळू निवळते, हे त्यांनी दर वर्षी पाहिलेले असते. मराठीतील ‘निवळणे’ हे क्रियापद नेमके त्याच वाटेने गेले आहे. पाणी निवळते, आभाळ निवळते, भांडण निवळते आणि मनही निवळते. संस्कृतात ‘प्रसन्न’ शब्दाने जो प्रवास केला, तो घरच्या बोलीतील शब्दानेही केला आहे. म्हणून ‘प्रसन्न’चा अर्थ ‘आनंदी’पासून सुरू न करता ‘निवळलेले’पासून सुरू करणे सोयीचे.

निवळी नावाचे एक झाडही आहे. त्याची बी मडक्यात आतून घासली असता गढूळ पाणी स्वच्छ होते. संस्कृतात या झाडास ‘कतक’ म्हणतात. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात त्याचा दृष्टान्त आला आहे : कतकाचे फळ पाणी निवळवते खरे, परंतु त्याचे नुसते नाव घेतल्याने पाणी निवळत नाही. तेथे संदर्भ संन्याशाच्या आचरणाचा आहे. पण समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करून घेणाऱ्या वर्गासही तो तितकाच लागू पडतो.

विरुद्धार्थी शब्द विचारला असता मुले ‘अप्रसन्न’ असे उत्तर देतात. ते बरोबर आहे, पण त्यात काही शिकणे होत नाही. खरा जोडीदार शब्द ‘विषण्ण’ हा आहे, कारण तोही ‘सद्’ धातूपासूनच झालेला आहे. प्रसन्न अवस्थेत गाळ खाली बसतो. विषण्ण अवस्थेत माणूसच खाली बसतो. भगवद्गीतेचा पहिला अध्याय अर्जुनाच्या विषादाचा आहे, आणि दुसऱ्या अध्यायाच्या अखेरीकडे स्थितप्रज्ञाच्या वर्णनात ‘प्रसाद’ येतो : ज्याचे चित्त प्रसन्न झाले त्याची बुद्धी लवकर स्थिर होते, असा तेथील आशय आहे. बुद्धी स्थिर झाली म्हणून मन प्रसन्न झाले असे नव्हे. क्रम उलटा आहे. वर्गात बसणाऱ्या शिक्षकाने हा क्रम विसरू नये. पश्चिम भागातील वाड्या-वस्त्यांवरून पहिलीत आलेले मूल घरची बोली घेऊन येते. पुस्तकी मराठी ऐकून ते बावरते. त्यास ‘हास बघू’ म्हणणे किंवा त्याच्यावर ओरडणे, दोन्हींनी पाणी अधिकच ढवळले जाते. काही दिवस त्याच्या बोलीत त्याच्याशी बोलावे, उत्तराची घाई करू नये. अक्षरे मागाहून येतात.

शुद्धलेखनाचा मुद्दाही येथेच उरकावा. ‘द्’च्या पुढे ‘त’ हा प्रत्यय आला की दोहोंचा मिळून ‘न्न’ होतो : भिद्-भिन्न, छिद्-छिन्न, खिद्-खिन्न, तसेच प्रसन्न. ‘प्रसन’ असे लिहिणाऱ्या मुलास ही माळ एकदा दाखवली की पुरते.

‘प्रसाद’ हे याच शब्दाचे नामरूप. देव प्रसन्न होऊन जे देतो तो प्रसाद. म्हणून ओझरच्या विघ्नहराच्या किंवा लेण्याद्रीच्या गिरिजात्मजाच्या दर्शनाहून परतताना हाती येतो तोही प्रसाद. साहित्यशास्त्रात मात्र शब्दाचा मूळ अर्थ अधिक शाबूत राहिला. वाचताक्षणी अर्थ उमगतो अशा लेखनात ‘प्रसादगुण’ आहे असे म्हणतात. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त त्यास वाळलेल्या लाकडातील अग्नीची व स्वच्छ पाण्याची उपमा दिली आहे. (राजवाडा अथवा मंदिर या अर्थाचा ‘प्रासाद’ हा शब्द निराळा, त्याचा पहिला स्वर दीर्घ आहे.)

अनेक शाळांच्या परिपाठात रोज म्हटल्या जाणाऱ्या ‘पसायदाना’त हाच शब्द आहे, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. शके 1212, म्हणजे इ. स. 1290 मध्ये नेवासे येथे पूर्ण झालेल्या ‘ज्ञानेश्वरी’च्या अखेरीचे हे मागणे. ‘प्रसाद’ शब्दातील ‘प्र’चा प्राकृतात ‘प’ झाला, मधला ‘द’ गळाला, आणि उरलेल्या स्वरांत ‘य’ आला : प्रसाद, पसाअ, पसाय. ‘पाद’चा ‘पाय’ असाच झाला. ‘प्रावृष्’चा ‘पाऊस’ होताना ‘प्र’चा ‘प’ झाला तोही असाच. ‘पसाय’ हे अडाणी रूप आहे असा समज कोणाचा असल्यास त्याने नाणेघाट पाहावा. जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकास असलेल्या त्या लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहन राजकुलाच्या प्रतिमा कोरल्या होत्या. प्रतिमा नष्ट झाल्या, परंतु त्यांवरील ब्राह्मी लिपीतील नावे टिकली. त्यांत सिमुक सातवाहनाच्या नावामागे ‘राजा’ नव्हे, ‘राया’ असे कोरलेले आहे. राजघराण्याने दगडावर कोरून घेतलेली ही भाषा. तिच्याच वळणाने ‘पसाय’ घडला. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखी वेद वदवले त्या रेड्याची समाधीही परंपरा याच तालुक्यात, आळे येथे दाखवते. पसायदान म्हणणाऱ्या मुलांस ती सहलीत पाहता येईल.

वर्गात हा शब्द शिकवण्यास श्रावण महिना उत्तम. ओढ्याचे गढूळ पाणी तीन काचेच्या पेल्यांत घ्यावे. एक पेला मुलांस मधूनमधून चमच्याने ढवळू द्यावा, दुसरा हलवू नये, तिसऱ्यात तुरटीचा खडा थोडा वेळ फिरवून तो स्थिर ठेवावा. तुरटीमुळे मातीचे बारीक कण एकमेकांस चिकटून जड होतात व लवकर तळाशी जातात. दुपारच्या सुट्टीनंतर तिन्ही पेले पाहून मुलांनी काय दिसले ते स्वतःच्या शब्दांत सांगावे. ‘प्रसन्न’ हा शब्द शिक्षकाने त्यानंतरच फळ्यावर लिहावा व मग वाक्ये मागावीत. तिसऱ्या पेल्यातील पाणी स्वच्छ दिसले तरी ते उकळलेले नसते, रोगजंतू त्यात असू शकतात. ते कोणत्याही मुलास पिऊ देऊ नये.